राक्षसाची मांडणी कोणी तपासायची? अकबराच्या चित्रशाळेतील अभिप्रायाची रीत

मीर सय्यद अली आणि अब्दुस समद हे दोन इराणी चित्रकार १५४९ च्या सुमारास काबूलमध्ये हुमायूनच्या चाकरीत दाखल झाले. १५५५ मध्ये हुमायूनने दिल्ली परत मिळवली आणि त्याच्याबरोबर हे दोघेही हिंदुस्थानात आले. पुढच्याच जानेवारीत पुराना किल्ल्यातील शेर मंडलच्या पायऱ्यांवरून पडून हुमायूनचा मृत्यू झाला. गादीवर आलेल्या अकबराने लहानपणी अब्दुस समदकडेच रेखाटनाचे धडे घेतले होते. पुढे त्याने या दोन उस्तादांवर एक अवाढव्य काम सोपवले. ते म्हणजे 'हमजानामा', अमीर हमजाच्या अद्भुत कथांची सचित्र प्रत. सुमारे १५६२ पासून पंधरा वर्षे हे काम चालले. अबुल फजल चित्रांची संख्या १४०० सांगतो. आज त्यांतली दोनशेच्या आतबाहेर उरली आहेत आणि ती व्हिएन्ना, लंडन अशी जगभर विखुरलेली आहेत.

या टिपणाचा विषय या चित्रांचे सौंदर्य हा नाही. अनेक हातांनी काढलेल्या चित्राची मांडणी कोण, केव्हा आणि कशी तपासत असे, एवढाच प्रश्न आपण घेऊ. त्यासाठी हमजानाम्यातील राक्षसांची चित्रे सोयीची आहेत, कारण मांडणी चुकली तर राक्षस भीतिदायक न वाटता हास्यास्पद वाटू लागतो. (फारसीत या राक्षसाला 'दीव' किंवा 'देव' म्हणतात. मराठी कानाला हे जरा विचित्र वाटेल.)

चित्र कशासाठी होते

हमजानाम्याचे पान साधारण ६७ सेंटिमीटर उंच आणि ५१ सेंटिमीटर रुंद असते. चित्र कापडावर, तर कथेचा मजकूर मागच्या बाजूला. अभ्यासकांचे साधारण मत असे की कथेकरी गोष्ट सांगत असताना चित्र समोर धरून दाखवले जाई. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आजही पोथीतले एकेक सुटे चित्र असेच धरून रामायण-महाभारताच्या कथा लावतात. म्हणजे हे चित्र मांडीवर ठेवून बारकाईने पाहायचे नव्हते, अंतरावरून चटकन कळायला हवे होते. अभिप्राय देण्यापूर्वी वस्तू कोणत्या उपयोगासाठी केली आहे हे ठरवावे लागते, ही गोष्ट आमच्या यंत्रशास्त्राच्या वर्गात जितकी खरी तितकीच इथेही.

आता राक्षसाची अडचण पाहा. तो प्रचंड आहे हे दाखवायचे कसे? तो नुसता मोठा काढला तर पान त्यानेच भरते आणि मग तो मोठा वाटतच नाही, कारण तुलनेला काही उरत नाही. हमजाचा शत्रू झुमुर्रुद शाह हा महाकाय आहे. तो खड्ड्यात पडतो आणि माळी त्याला बडवतात, असा एक प्रसंग चित्रित झालेला आहे. अशा प्रसंगात त्याचे आकारमान कळते ते भोवतालच्या सामान्य माणसांमुळे. दीवांच्या अंगावर ठिपके, डोक्यावर शिंगे, मागे शेपूट, आणि शिवाय सोन्याची कडी व घुंगरू असतात. दागिने हा माणसाच्या अंगावरचा ओळखीचा जिन्नस. तो केसाळ मनगटावर दिसला की ते मनगट अधिकच अंगावर येते. ही युक्ती मला शिंगांपेक्षा जास्त प्रभावी वाटते.

पांढरा थर

मुघल चित्रशाळेत काम वाटलेले असे. 'तर्ह' म्हणजे मांडणी आणि आराखडा, 'अमल' म्हणजे रंगकाम, आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे चेहरे काढणारा कधी तिसराच. चित्रांच्या कडेला किंवा खाली कारकून ही नावे नोंदवीत. अकबराने १५८२ मध्ये महाभारताच्या फारसी अनुवादाचा हुकूम दिला. त्या 'रज्मनाम्या'च्या जयपूर येथील प्रतीत अशा नोंदी विपुल आहेत. तुमच्या ड्रॉइंग शीटच्या उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक आठवा: काढले कोणी, तपासले कोणी, मंजूर कोणी केले. दोन्हींत फरक इतकाच की मुघल नोंदीत तपासणाऱ्याचे नाव सहसा नसते. मग तपासणी होत होती कुठे?

उत्तर चित्राच्या थरांत आहे. आधी पातळ रेषेत कच्चे रेखाटन होई. त्यावर पांढऱ्या रंगाचा एक विरळ थर देत. त्यातून खालची रेषा अंधुक दिसत राही. मग त्या थरावर पक्की रेषा पुन्हा काढली जाई, पुढे रंगाचे अनेक थर चढत, आणि मधूनमधून पान पालथे घालून अकीकाच्या खड्याने घोटले जाई. दुरुस्तीला सर्वांत सोयीची जागा म्हणजे हा पांढरा थर. चुकलेली रेषा तिथे खोडावी लागत नाही, ती आपोआप मागे सरते. राक्षसाचा हात चौकटीला विनाकारण चिकटला आहे, किंवा नायक आणि शत्रू यांच्यामध्ये एक झाड आडवे आले आहे, हे इथे सांगितले तर दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. सोने चढल्यावर सांगितले तर ती दुरुस्ती नव्हे, नुसती टीका होते.

फारसी-उर्दू परंपरेत अशा दुरुस्तीला 'इस्लाह' म्हणतात. सुलेखनात उस्ताद शिष्याच्या अक्षराशेजारीच बरोबर अक्षर काढून दाखवी. कवितेतही हीच रीत होती. एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या बल्लीमारानमध्ये राहणारा गालिब आपला शिष्य हरगोपाल तफ्ता याच्या गझला टपालाने मागवून दुरुस्त करून परत पाठवी. इस्लाहमध्ये 'चांगले' किंवा 'वाईट' या शब्दांना फारसे काम नाही. इथे ही रेषा नको, ती हवी, एवढेच.

आठवड्याची पाहणी

'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल सांगतो की दारोगे आणि कारकून दर आठवड्याला सर्व चित्रकारांचे काम बादशहासमोर मांडत. कामाच्या गुणवत्तेप्रमाणे बक्षीस मिळे किंवा पगार वाढे. पाठ्यपुस्तके हा उतारा आदराने उद्धृत करतात आणि त्यात अकबराची रसिकता पाहतात. रसिकता होतीच. पण ही पाहणी म्हणजे अभिप्राय नव्हे, ते मूल्यमापन आहे. ज्या मेजावर पगार ठरतो त्या मेजावर माणूस सूचना ऐकून घेत नाही, आकडा ऐकतो. आमच्या महाविद्यालयांत इंटर्नल मार्क आणि सूचना एकाच कागदावर लिहून दिल्या जातात. विद्यार्थी आधी आकडा पाहतो, सूचनेपर्यंत पुष्कळदा पोचतच नाही, आणि दोष मात्र त्याच्या 'वृत्ती'ला दिला जातो. चित्रशाळेत निदान ही दोन कामे वेगळ्या जागी होती: सुधारणा उस्तादाच्या हाताखाली पांढऱ्या थरावर, निकाल आठवड्याच्या दरबारात.

त्याच ग्रंथात अबुल फजलने बसावनविषयी लिहिलेला मजकूर मात्र अभिप्रायाच्या जवळ जातो. बसावन मांडणीत, चेहरे रेखाटण्यात, रंगांच्या वाटणीत आणि हुबेहूब चित्रणात श्रेष्ठ आहे, असे तो एकेक अंग वेगळे काढून सांगतो. 'उत्तम चित्रकार' एवढ्यावर तो थांबत नाही. कोणतेही चित्र पाहताना तुम्हीही असेच तुकडे पाडा. नजर आधी कुठे जाते? तिथून कुठे वळते? आकारमान कशाच्या तुलनेत कळते? रंग कुठे गर्दी करतो? या प्रश्नांची उत्तरे चित्रकाराला वापरता येतात, 'दमदार नाही' हे वापरता येत नाही. पण अबुल फजलच पुढे म्हणतो की पुष्कळ जाणकार बसावनला दसवंतापेक्षा वरचा मानतात. इथे तो पुन्हा क्रमवारीकडे वळला. दसवंताने या वाक्याचे काय करावे?

ऐकून घेणाऱ्याची बाजू याहून कठीण आहे. अमल करणाऱ्याला दुसऱ्याची मांडणी स्वीकारावी लागे. तर्ह करणाऱ्याला आपली रेषा दुसऱ्याच्या रंगाखाली जाताना पाहावी लागे. वर्गात हे अनुभवायचे असेल तर घटोत्कचाचा मृत्यू घ्या. मरताना तो देह प्रचंड वाढवतो आणि कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. एकाने पेन्सिलीने मांडणी करावी, दुसऱ्याने ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त रेषेत सूचना द्याव्यात, तिसऱ्याने रंगवावे. पहिल्याने मधे बोलायचे नाही. पडणारा देह पानात कसा बसवायचा यावर मिळालेली उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहा, गुण देऊ नका.

दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. तो भिंतींवर चित्रे काढत असे. बादशहाची नजर त्याच्यावर पडली आणि त्याला अब्दुस समदच्या हाताखाली दिले गेले. थोड्याच काळात तो अद्वितीय ठरला, असे अबुल फजल लिहितो. लगेच पुढे तो सांगतो की वेडाच्या अंधाराने त्याच्या बुद्धीचा प्रकाश झाकला आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. हे १५८४ मध्ये घडले. कारण तो देत नाही, आणि आपणही ते आठवड्याच्या पाहणीत किंवा बसावनशी केलेल्या तुलनेत शोधू नये. त्या वर्षी रज्मनाम्याचे काम चालूच होते आणि त्यातील सुमारे तीस चित्रांच्या तर्हेपुढे दसवंताचे नाव आहे. त्यांतील काहींना रंग त्याच्या मृत्यूनंतर चढला असावा. अमल करणाऱ्या चित्रकारासमोर तेव्हा पांढऱ्या थरातून दिसणारी त्याची रेषा तेवढी होती, शंका विचारायला तो नव्हता.