मोठ्या पडद्यावरचे चित्र घरी येते तेव्हा

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट’ हा इंग्रजी चित्रपट जुलै २००८ मध्ये चित्रपटगृहांत आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्लू-रे तबकडीवर निघाला. ही तबकडी रुंद दूरचित्रवाणी संचावर लावली की एक गंमत दिसते. सुरुवातीला बँकेवरच्या दरोड्याचा प्रसंग आहे. त्या वेळी चित्र पडदा पूर्ण व्यापते. प्रसंग संपतो आणि पडद्याच्या वर व खाली काळे पट्टे येतात. बऱ्याच वेळाने ते पुन्हा नाहीसे होतात, पुन्हा येतात. संचात बिघाड आहे की तबकडीत दोष, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. बिघाड कशातच नाही. या पट्ट्यांच्या ये-जा करण्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि शालेय गणितातले गुणोत्तर आहे. त्या दोहोंची गाठ कशी पडली, ते आपण पाहू.

चौकटीचा जन्म

चित्राच्या रुंदीला उंचीने भागले की जी संख्या मिळते, तिला आपण चौकटीचे गुणोत्तर म्हणू. १८९२च्या सुमारास अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मि.मी. रुंदीची फिल्म वापरात आणली. ईस्टमन यांची सुमारे ७० मि.मी. रुंद फिल्म मधोमध उभी चिरून ती मिळत असे. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडलेली असत आणि एका चित्रासाठी चार छिद्रांची उंची दिलेली होती. त्यामुळे चित्र सुमारे एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच होई. म्हणजे गुणोत्तर ४:३, किंवा १.३३. बोलपट आल्यावर ध्वनीच्या पट्टीने फिल्मवरची थोडी जागा घेतली. तेव्हा १९३२ मध्ये अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १.३७ हे प्रमाण ठरवून दिले. जुन्या आकारात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. पुढे दूरचित्रवाणी आली, तिनेही ४:३ हीच चौकट उचलली. चित्रपट आणि घरातला संच यांची चौकट जवळजवळ एकच होती. चित्र घरी आणताना आकाराचा प्रश्नच नव्हता.

अपवाद मात्र त्याआधीच घडला होता. फ्रान्समध्ये आबेल गान्स यांनी १९२७ मध्ये ‘नेपोलियन’ हा मूकपट काढला. त्याच्या शेवटी एका पडद्याचे तीन पडदे होत आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन प्रक्षेपकांतून चित्र उमटे. १.३३ची तिप्पट म्हणजे ४. चित्रपटगृहात उंची तीच राहून रुंदी तिप्पट होई. आता हाच शेवट ४:३ संचावर दाखवायचा, तर रुंदी वाढणे शक्य नाही. म्हणून उंची एक-तृतीयांशावर आणावी लागते. चित्रपटगृहात जे क्षेत्रफळ तिप्पट होत होते, ते घरी एक-तृतीयांश होते! आपल्या प्रश्नाचे बीज इथेच आहे.

रुंदीची शर्यत

१९५०च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी पोचली आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. घरी मिळत नाही असे काही दाखवणे चित्रपट धंद्याला भाग होते. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ सुरू झाला. त्यात तीन फिल्मा एकाच वेळी खोल वक्र पडद्यावर सोडत. १९५३ मध्ये ‘सिनेमास्कोप’ आला. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेत्यां यांचे एक विशेष भिंग त्यात वापरले होते. चित्रण करताना हे भिंग दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबून फिल्मवर बसवी. प्रक्षेपकावरचे भिंग ते पुन्हा ताणून मूळ रुंदीवर आणी. गुणोत्तर सुरुवातीस २.५५ होते, नंतर २.३५ झाले.

तिसरा मार्ग फिल्मच मोठी करण्याचा होता. १९५५ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ हा चित्रपट ६५ मि.मी. फिल्मवर चित्रित करून ७० मि.मी.च्या प्रतींवर दाखवला गेला. गुणोत्तर होते २.२०. १९५९च्या ‘बेन-हर’मध्ये मोठी फिल्म आणि दाबणारे भिंग दोन्ही एकत्र आले आणि गुणोत्तर २.७६ वर गेले. घरातल्या संचाहून वेगळे दिसावे म्हणूनच ही चौकट रुंद केली होती. त्यामुळे हे चित्रपट कधी तरी त्याच संचावर दाखवण्याची वेळ आली, तर अडचण येणार हे उघड होते.

कापायचे की लहान करायचे?

ती वेळ लवकरच आली. २३ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने शनिवार रात्रीच्या चित्रपटांची मालिका सुरू केली. पहिला चित्रपट होता ‘हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर’, १९५३चा सिनेमास्कोप. २.५५ रुंदीतून १.३३ची खिडकी कापायची, तर १.३३ भागिले २.५५, म्हणजे सुमारे ५२ टक्केच चित्र उरते. ‘बेन-हर’मध्ये तर निम्म्याहून कमी, ४८ टक्के. त्यातल्या शर्यतीत नायकाच्या रथाला चार पांढरे घोडे आहेत. अशा खिडकीतून त्यांतला एखादा दिसेनासा होणे सहज शक्य होते. दोन पात्रे चित्राच्या दोन टोकांना उभी राहून बोलत असली, तर एक तंत्रज्ञ ही खिडकी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवी. दिग्दर्शकाने न केलेली कॅमेऱ्याची हालचाल अशा रीतीने चित्रपटात शिरत असे.

दुसरा उपाय म्हणजे चित्र पूर्ण रुंदीने दाखवायचे आणि वर-खाली काळे पट्टे ठेवायचे. यात काही कापले जात नाही, पण चित्र लहान होते. शिवाय तपशीलही घटतो. अमेरिकी पद्धतीच्या संचावर चित्रासाठी सुमारे ४८० रेषा असत. २.३५चे चित्र पट्ट्यांसह दाखवले, तर त्यांतल्या सुमारे २७२ रेषाच चित्राच्या वाट्याला येत. लहान आणि अस्पष्ट चित्र प्रेक्षकांना आवडत नसे. पट्ट्यांनी चित्र झाकले आहे, अशी अनेकांची समजूत होई. प्रत्यक्षात पट्टे असलेल्या प्रतीतच चित्र अधिक असे. तरीही काही दिग्दर्शकांनी हट्ट धरला. वुडी ॲलन यांचा ‘मॅनहॅटन’ १९८५ मध्ये पट्ट्यांसह कॅसेटवर आला.

अधिक दिसणे म्हणजे अधिक खरे, असेही समजू नये. १९७५चा ‘शोले’ आपल्या परिचयाचा आहे. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो ७० मि.मी.च्या पडद्यावर गाजला. पण त्याचे चित्रण ३५ मि.मी. फिल्मवर ४:३च्या चौकटीत झाले होते. ७० मि.मी.च्या प्रती करताना वरचा आणि खालचा भाग सोडून २.२०ची चौकट घेतली. घरच्या जुन्या संचासाठी तो सोडलेला भाग परत उघडला, तर चित्र मोठे होईल, पण पडद्यावर दाखवण्यासाठी निवडलेली रचना बिघडेल.

१६:९ आले कुठून?

आजच्या संचांची चौकट १६:९, म्हणजे १.७८ आहे. १९८०च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने ती सुचवली. त्याची रीत वर्गात करून पाहण्यासारखी आहे. प्रत्येकी २०० चौ. सें.मी. क्षेत्रफळाचे वेगवेगळ्या गुणोत्तरांचे कागद कापा. १.३३चा कागद १६.३ × १२.३ सें.मी. होईल, तर २.३५चा २१.७ × ९.२ सें.मी. मधली गुणोत्तरेही घ्या. सर्व कागदांचे मध्यबिंदू जुळवून ते एकावर एक ठेवा. सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत २१.७ × १२.३चा होतो आणि सर्वांत समान असलेला आतला आयत १६.३ × ९.२चा. दोघांचेही गुणोत्तर सुमारे १.७७! ही संख्या म्हणजे १.३३ आणि २.३५ यांचा भूमितीय मध्य. शिवाय ४/३चा वर्ग १६/९ येतो, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. ही चौकट कोणत्याही एका जुन्या आकाराची नाही. सगळ्यांना थोडी थोडी गैरसोय व्हावी, अशी ती तडजोड आहे.

एकाच चित्रपटात दोन चौकटी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७०च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात कॅनडातील मंडळींनी ‘आयमॅक्स’ पद्धत दाखवली. यात ७० मि.मी. फिल्म आडवी धावते आणि एका चित्राला पंधरा छिद्रांची लांबी मिळते. चित्र सुमारे ७० × ४८.५ मि.मी. भरते. डिक्सन यांच्या चित्राच्या सात पटींहून हे क्षेत्रफळ अधिक आहे. गुणोत्तर मात्र १.४३, म्हणजे पुन्हा जुन्या चौकटीच्या जवळ! इथे मोठेपणा रुंदीत नसून उंचीत आहे.

‘द डार्क नाइट’मध्ये सुमारे २८ मिनिटांचे चित्रण या कॅमेऱ्याने झाले आणि उरलेले ३५ मि.मी. फिल्मवर २.४० गुणोत्तराने. आयमॅक्सच्या पडद्यावर २.४०चे चित्र मधल्या पट्ट्यात दिसे आणि खास प्रसंगात ते वर-खाली उघडे. रुंदी तीच ठेवून २.४० वरून १.४३ वर आले की क्षेत्रफळ सुमारे ६८ टक्क्यांनी वाढते. हा अनुभव घरी कसा आणायचा?

समजा, आपला संच १६० सें.मी. रुंद आणि ९० सें.मी. उंच आहे. २.४०चे चित्र त्यावर १६० × ६६.७ सें.मी. बसते. क्षेत्रफळ सुमारे १०,६७० चौ. सें.मी. आता १.४३चे चित्र काही न कापता दाखवले, तर उंची ९० आणि रुंदी सुमारे १२८.७ सें.मी. होते. क्षेत्रफळ ११,५८० चौ. सें.मी. वाढ फक्त साडेआठ टक्के, आणि तीही चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसून. पडदा उघडल्यासारखे वाटण्याऐवजी दार अर्धे लोटल्यासारखे वाटेल. उलट, १.४३च्या चित्राचा वरचा-खालचा मिळून सुमारे २० टक्के भाग कापून ते १.७८ केले, तर संच पूर्ण भरतो आणि क्षेत्रफळ ३५ टक्क्यांनी वाढते. ब्लू-रेसाठी हाच मार्ग निवडला गेला. चित्र थोडे गमावले, पण ‘आता चित्र मोठे झाले’ ही जाणीव राखली.

इथे खरा पेच दिसतो. चित्राशी प्रामाणिक राहिले तर अनुभव हरवतो. अनुभवाशी प्रामाणिक राहिले तर चित्र कापावे लागते. दोन्ही गोष्टी एका चौकटीत मावत नाहीत.

निरनिराळ्या मंडळींनी याची निरनिराळी उत्तरे दिली. ‘द डार्क नाइट’ची साधी डीव्हीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत २.४० मध्येच आहे. जगभरच्या नेहमीच्या चित्रपटगृहांतही तो असाच दिसला होता, म्हणून तिला खोटी म्हणता येत नाही. २०११च्या ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफा इमारतीवरचा प्रसंग आयमॅक्सवर चित्रित झाला होता. पण त्याच्या ब्लू-रेवर चौकट बदलत नाही. २०१७च्या ‘डंकर्क’मध्ये आणि २०२३च्या ‘ओपेनहायमर’मध्ये आयमॅक्सखेरीजचा भागही ६५ मि.मी. फिल्मवर २.२० गुणोत्तराने आहे. त्यामुळे घरच्या संचावर चित्राची उंची ७२.७ वरून ९० सें.मी. होते आणि बदल तुलनेने कमी खटकतो.

याच्या नेमकी उलट अडचण डग्लस ट्रम्बुल यांच्या १९८३च्या ‘ब्रेनस्टॉर्म’ची होती. त्यातले नेहमीचे प्रसंग ३५ मि.मी.वर कमी रुंद आणि दुसऱ्याच्या मनातले अनुभव मोठ्या फिल्मवर २.२० रुंद होते. घरी मात्र रुंद म्हणजे बुटके! उपाय असा निघाला, की नेहमीचे प्रसंग मुद्दाम चारी बाजूंनी काळी जागा सोडून लहान दाखवायचे, म्हणजे रुंद प्रसंग आला की चित्र मोठे झाले असे वाटते.

कोणते चित्र पुढच्या पिढीचे?

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा आहे, असे आम्हाला वाटत नाही. ‘ओपेनहायमर’ पंधरा छिद्रांच्या फिल्मवरून दाखवणारी चित्रपटगृहे २०२३ मध्ये साऱ्या जगात सुमारे तीसच होती. उरलेल्या प्रेक्षकांना ते पूर्ण चित्र दिसलेच नाही, आणि पुढच्या पिढ्या हा चित्रपट मुख्यतः घरच्या पडद्यावरच ओळखतील. १९६१ नंतर वाढलेल्या अनेकांनी ‘बेन-हर’ निम्माच पाहिला आणि तोच पूर्ण समजला. ऐतिहासिक साधन म्हणून चित्रपट वर्गात वापरायचा असेल, तर आपल्यासमोरची प्रत मूळ कागदपत्र नसून त्याची कोणीतरी केलेली नक्कल आहे, हे विद्यार्थ्यांना कळले पाहिजे. नक्कल करताना काय वगळले, हे विचारण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासात असतेच. तीच इथे लावायची.

सुरुवात सोपी आहे. एखादा चित्रपट मध्येच थांबवावा, फूटपट्टीने फक्त चित्राची रुंदी आणि उंची मोजावी आणि भागाकार करावा. उत्तर १.३३, १.७८, २.२० की २.४० आले, ते वहीत लिहावे. मग तो चित्रपट कोणत्या फिल्मवर आणि कोणत्या गुणोत्तरात काढला होता, ते शोधावे. दोन आकडे जुळले नाहीत, तर मधल्या वाटेवर चित्राचे काय झाले, याचा तपास विद्यार्थ्यांवर सोपवावा.