वस्तीचे अंगण

दिवाळी म्हटली की अंगण आठवते. सडा घालायचा तो अंगणात, रांगोळी काढायची ती अंगणात, मुलांचा मातीचा किल्ला अंगणात आणि फटाक्यांचा धूर तोही अंगणातच. शहरात बिऱ्हाड थाटलेल्या माणसाने पहिल्याप्रथम काही गमावले असेल, तर ते हे अंगण. रांगोळी दाराबाहेरच्या दोन फरशांवर येऊन बसली, किल्ला जिन्याखाली गेला, आणि फटाके उडवायचे कुठे, यावरून शेजाऱ्यांची बोलाचाली सुरू झाली. याला कोणाचा इलाज नाही, असे आपण धरून चालतो. पण मुंबईतल्या एका वस्तीने घरोघरची अंगणे गमावल्यावर सगळ्यांत मिळून एकच मोठे अंगण मिळविले, आणि आज शंभर वर्षे ते टिकविले. ती वस्ती म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. तिची हकीकत सणासुदीला सांगण्यासारखी आहे. कारण आज जिकडे तिकडे नवी उपनगरे उठत आहेत, आणि त्यांना या हकीकतीची गरज आहे.

आता दादर हे मुंबईच्या पोटातच आले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते गावाबाहेर होते. नारळीच्या वाड्या, भातखाचरे, अधूनमधून पाणथळ जागा आणि समुद्राच्या अंगाला कोळ्यांची घरे, असा तो सारा मुलूख. शहर म्हणजे फोर्ट आणि त्याला लागून असलेली गिरगाव, भुलेश्वर, मांडवीची दाट वस्ती. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती, आणि त्यांतली बहुतेक माणसे या दाटीतच राहत होती.

या दाटीचे प्रायश्चित्त १८९६ साली मिळाले. त्या सप्टेंबरात मांडवीच्या एका रोग्यावर डॉक्टर अकॅशियो व्हिएगस उपचार करीत होते. हे गृहस्थ मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि तसे उघड सांगितले. पुढल्या चार-सहा महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कोकणातला कोकणात, देशावरचा देशावर, जो तो आपल्या गावी पळाला. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही त्या खोल्यांत माणसे अशीच कोंबली, तर शहर जगायचे नाही, हे सरकारला तेव्हा कळले.

त्यातून १८९८ साली मुंबईत इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दोन कामे हाती घेतली. एक, जुन्या दाटीतून रुंद रस्ते फोडून समुद्राचा वारा आत आणायचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याचेच फळ. दुसरे, शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत मोकळ्या जमिनी घेऊन तिथे आखीव वस्ती वसवायची. आधी रस्ते, गटारे, बागा यांची आखणी करायची, आणि मग घरे बांधू द्यायची, असा हा उलटा क्रम होता. आपल्याकडे बहुधा घरे आधी उठतात आणि रस्ते मागाहून वाट शोधीत येतात. म्हणून हा क्रम मुद्दाम सांगितला.

रेल्वेच्या पूर्वेला पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी उभ्या राहिल्या त्या याच योजनेतून. पारशी कॉलनीमागे एका माणसाची जिद्द होती. त्यांचे नाव मंचरजी जोशी. आडनाव जोशी असले तरी हे पारशी गृहस्थ, आणि पेशाने ट्रस्टचेच इंजिनियर. मध्यमवर्गीय पारशांसाठी त्यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड राखून घेतले. घरे बुटकी, रस्ते रुंद आणि दुतर्फा झाडे, असा त्यांचा आग्रह होता. तिथल्या पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे.

पण नुसती जमीन आखून माणसे येत नाहीत, त्यांना कचेरीत वेळेवर पोचता आले पाहिजे. इथे दादरचे दैव उघडले. दोन्ही रेल्वे दादरला एकमेकींना भेटतात. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम आली, आणि ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. ट्रामने दादरकरांना इतका जीव लावला की, मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री निघाली ती बोरीबंदरहून दादरलाच. कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर अशी बेताच्या मिळकतीची, पण महिन्याचे वेतन ठरलेली माणसे गिरगाव सोडून इकडे येऊ लागली.

ती आली ती एका नव्या प्रकारच्या घरात. चाळीत खोल्या ओळीने असत. पुढे लांबच लांब गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. नव्या इमारतींत आले ब्लॉक. दोन-तीन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास घरातच. बायकांचे पाण्याचे आणि रांगेचे हाल चुकले. हे सुख लहान नव्हे. मात्र या सुखाला एक किंमत होती. चाळीची गॅलरी हेच चाळीचे अंगण होते. तिथे पापड वाळत, तिथेच पोरे रांगत, म्हातारी माणसे बसत, भांडणेही तिथेच होत आणि मिटतही तिथेच. ब्लॉकला गॅलरी नाही. दार लावले की घर संपले. समोरच्या दारामागे कोण राहते हे वर्षभर कळू नये, अशी सोय झाली.

आणि नेमक्या याच वेळी म्युनिसिपालिटीने एक शहाणपणाची गोष्ट केली. रेल्वेच्या पश्चिमेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, १९२५ साली एक मैदान लोकांना खुले केले. त्याचे नाव माहीम पार्क. मैदान जवळजवळ २८ एकरांचे. त्याच्या सभोवती इमारती उठल्या त्या मुख्यत्वे पुढच्या पंधरा-वीस वर्षांत. म्हणजे इथेही अंगण आधी आणि घर मागाहून.

दोनच वर्षांनी त्याचे बारसे दुसऱ्यांदा झाले. १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचे वारे वाहत होते. तेव्हा नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी या मैदानाला महाराजांचे नाव द्यावे, असा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. या अवंतिकाबाई म्हणजे १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारण्यात जाऊन खेड्यातल्या बायकामुलांत काम केलेल्या बाई. गांधीजींचे मराठीतले पहिले चरित्र त्यांनी लिहिले, आणि त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची. ज्या मुंबईत रस्त्यांना आणि चौकांना गव्हर्नरांची नावे पडत, तिथे एका मैदानाला शिवाजीचे नाव मिळाले, ते एका बाईच्या हट्टामुळे. रोज मैदानावर जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक आहे? १९६६ साली तिथे महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. या पुतळ्यात महाराजांनी तलवार उगारलेली नाही, तर हात पुढे करून ते वाट दाखवीत आहेत.

मैदानाला उंच कुंपण नाही. कडेने बसका कट्टा आहे, सलग, सुमारे सव्वा किलोमीटरचा, आणि त्याच्यावर मोठाल्या झाडांची सावली. चाळीची हरवलेली गॅलरी मला तर या कट्ट्यात सापडते. सकाळी फेऱ्या मारून दमलेले पेन्शनर, दुपारी कॉलेजातली पोरे, संध्याकाळी भाजीची पिशवी शेजारी ठेवून टेकलेल्या बायका, असे पाळीपाळीने ते बसतात. कट्ट्याला तिकीट नाही आणि कट्ट्यावर कोणी कोणाला ‘आपण कोण?’ असे विचारीत नाही.

मैदानाच्या एका अंगाला समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे तांबड्या मातीत रोवलेल्या खांबावर मुले आणि टांगलेल्या दोरावर मुली मल्लखांब करताना दिसतात. हा खेळ पुनरुज्जीवित केला तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. एके काळी कुस्तीची पूर्वतयारी म्हणून तालमीत अडकलेली ही विद्या इथे इतकी रुजली की, २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर भरली. परदेशांतली मुले मराठी मातीतल्या खांबाला नमस्कार करून वर चढली. व्यायाम मंदिरात वर्षानुवर्षे मुले घडविणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

क्रिकेटबद्दल तर काय सांगावे! एकाच वेळी मैदानावर इतके डाव चाललेले असतात की, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. चेंडू ज्याचा त्याने ओळखायचा. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या घरी हरविणारा कर्णधार अजित वाडेकर या मैदानाचा. १९८३ च्या जगज्जेत्या संघातला संदीप पाटीलही इथलाच. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला घडविले तेही इथेच. दिवस संपताना सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला तो रुपया मिळे, आणि कोणालाच जमले नाही तर सचिनला. शाळामास्तराच्या धंद्यातल्या माणसाला या रुपयाचे मोल बरोबर कळते. बक्षीस किती रकमेचे आहे, यापेक्षा ते कोणाच्या हातून मिळते, याला मुले किंमत देतात.

पण अंगण म्हटले की तिथे केवळ मुलेच खेळत नाहीत. चार माणसे जमतात आणि वादही घालतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या मैदानाने माणसांचा समुद्र पाहिला. आचार्य अत्र्यांच्या आवाजाने इथल्या खिडक्या उघडल्या. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथेच झाला. बंगाली मंडळींची दुर्गापूजाही याच मैदानात गाजते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकरांना शेवटचा निरोप देण्यात आला तोही इथेच.

आणि ६ डिसेंबर! मैदानापासून जवळच, चैत्यभूमीवर, १९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. दर वर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यांतून लाखो माणसे दादरला येतात, आणि त्यांतली पुष्कळशी रात्रीच्या मुक्कामाला या मैदानात उतरतात. मैदानभर पुस्तकांची दुकाने मांडली जातात. अंगावरचे लुगडे विरलेल्या म्हातारीने पदराच्या गाठीतले पैसे सोडून नातवासाठी पुस्तक घ्यावे, हे दृश्य तिथे नवलाचे नाही. गर्दी झाली, गैरसोय झाली, अशी कुरकुर भोवतालच्या घरांतून कधी कधी ऐकू येते. तिला उत्तर एवढेच की, अंगण असलेल्या घरी पाहुणे यायचेच. ज्याला पाहुणा नको, त्याला अंगण तरी कशाला हवे?

खरी अडचण मात्र नाकारता येत नाही. सभांचे कर्णे घरात झोपलेल्या आजाऱ्याला छळतात, उडणारी तांबडी धूळ स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर बसते. रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. पुढे खेळाखेरीज इतर कामांसाठी वर्षातले ४५ दिवस मोकळे ठेवण्याची तोड निघाली. कोणाचेच पुरते समाधान झाले नाही. सामाईक जागेचा कारभार असाच चालतो. चाळीतल्या नळावर तरी कोणाचे पुरते समाधान होत होते?

मोकळी जागा मोकळी दिसते हाच तिचा मोठा शत्रू. ती पाहिली की कोणाला तिथे वाहनतळ सुचतो, कोणाला स्मारक, कोणाला सभागृह. प्रत्येक हेतू चांगलाच असतो, आणि एकेक चांगला हेतू एकेक गुंठा खातो. शिवाजी पार्क वाचले ते केवळ कायद्याने नव्हे. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तिथे कोणी ना कोणी आहे, म्हणून ते वाचले. वापरातली जागा बळकावणे कठीण असते.

आज डोंबिवली, बदलापूर, विरार, पुण्याभोवतालची गावे, सगळीकडे नव्या इमारती झपाट्याने उठत आहेत. त्यांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, बागही असते. पण ती फाटकाच्या आत, पहारेकऱ्याच्या नजरेखाली, तिथे राहणाऱ्यांपुरती. समोरच्या झोपडीतल्या मुलाला तिथे चेंडू आणायला जाता येत नाही. अशाने इमारतीला बाग मिळते, पण वस्तीला अंगण मिळत नाही. आणि अंगणाशिवाय वाढलेल्या मुलांना आपल्यापेक्षा वेगळ्या घरातला सवंगडी कसा भेटणार? शिवाजी पार्कवर पेन्शनर न्यायाधीशाचा नातू आणि गिरणी कामगाराचा मुलगा एकाच संघातून खेळू शकत होते. हे शिक्षण कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात बसत नाही, हे मी शाळेत शिकवीत असूनच सांगतो.

पाडव्याच्या मुहूर्तावर पुष्कळजण नवे घर नोंदवितात. यंदाही नोंदवितील. घर पाहायला जाल, तेव्हा खोल्या मोजा, नळाला पाणी येते का पाहा, स्टेशन किती मिनिटांवर आहे तेही विचारा. त्याबरोबर आणखी एक विचारा, की या वस्तीचे मैदान कुठे आहे आणि ते सर्वांना मोकळे आहे का? घेणारी दहा माणसे हा प्रश्न विचारू लागली, की विकणाऱ्याला त्याचे उत्तर तयार ठेवावेच लागेल.