खारट कपाळ : एका रोगाचे वाङ्मयीन चरित्र

रोगाचा इतिहास हा केवळ औषधांचा इतिहास नसतो. त्या रोगाविषयी कोण बोलले आणि कोणाला बोलता आले नाही, याचाही तो इतिहास असतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या संदर्भात हे आम्हांला विशेषत्वाने जाणवते.

ज्या बालकाच्या कपाळाचे चुंबन खारट लागते ते अल्पायुषी ठरते, अशी समजूत युरोपीय लोकपरंपरेत होती. १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथील डोरोथी अँडरसन यांनी मृत बालकांच्या शवविच्छेदनाच्या आधारे या रोगाचे सविस्तर वर्णन केले. स्वादुपिंडातील गाठी आणि व्रणांवरून पडलेले हे नाव म्हणजे मृतदेहाने सांगितलेली गोष्ट होय. जगणाऱ्याचा अनुभव त्यात नाही. १९४८ च्या उष्णतेच्या लाटेत याच रोगाची मुले कोसळू लागली. त्याचे कारण शोधताना पॉल दी सांतअन्येझे यांनी घामातील मिठाचे वाढलेले प्रमाण १९५३ मध्ये सिद्ध केले. घामाची तपासणी हीच पुढे निदानाची कसोटी ठरली. १९८९ मध्ये सदोष जनुकही सापडले. त्याच्यामुळे पेशींतील क्लोराइडची ये-जा बिघडते, श्लेष्मा चिकट होतो आणि फुप्फुसे वारंवार जंतुबाधित होतात.

फ्रँक डीफोर्ड यांचे 'अ‍ॅलेक्स' (१९८३) हे पुस्तक आठव्या वर्षी गेलेल्या मुलीविषयी पित्याने लिहिलेले आहे. तेथे लेखणी पालकाच्या हाती आहे. मॅलरी स्मिथ यांचे 'सॉल्ट इन माय सोल' (२०१९) मरणोत्तर प्रसिद्ध झाले, तरी ती रुग्णाची स्वतःची दैनंदिनी आहे. या दोन पुस्तकांमधील अंतर हे वाढलेल्या आयुर्मानाचेही अंतर आहे. मात्र या आवाजांना परस्परांच्या सहवासाची मुभा नाही. एकाचे जंतू दुसऱ्याला घातक ठरत असल्याने रुग्णांना एकमेकांपासून दूर ठेवले जाते. ज्याला आपले दुःख सर्वाधिक कळेल, त्याच्याच शेजारी बसता येऊ नये, हे एकाकीपण औषधाने भरून निघणारे नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या संयोगाने अनेकांचे आयुष्य पालटले. मृत्यूची तयारी करत वाढलेल्यांना आता नोकरी, संसार, वार्धक्य यांचा विचार करावा लागतो. हा दिलासा निर्विवाद आहे. पण ज्या शेवटाला धरून स्वतःची ओळख घडवली तो शेवटच दूर सरकला, तर 'मी कोण?' हा प्रश्न नव्याने उभा राहतो. भारतीय रुग्णांत मात्र ज्या जनुकदोषावर हे औषध विशेष गुणकारी आहे त्याचे प्रमाण युरोपच्या तुलनेने कमी आढळते, आणि अनेकदा निदानच उशिरा होते. त्यांचे आत्मकथन मराठीत यायचे असेल, तर आधी त्यांना ते लिहिण्याइतके आयुष्य मिळाले पाहिजे.