पनीरफुलाची गोष्ट

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या आमच्या घरी आई पहिल्यांदा आली, तेव्हा गौडा चीजचा तुकडा हातात धरून तिने विचारलं, "हे दूध कशाने फाडतात रे?" मी "दुधाचंच आहे, खा" म्हणून वेळ मारून नेली. ठाऊक असूनही. पारंपरिक गौड्यात रेनेट घालतात आणि ते मिळतं कापलेल्या वासराच्या जठरातून. २०१० पासून युरोपात संरक्षित असलेल्या 'गौडा हॉलंड'ला तर वासराचंच रेनेट लागतं.

पुढच्या खेपेला आईच्या पिशवीतून पनीरफुलं निघाली. कोणीतरी तिला 'शुगर'वर सांगितली होती. यांना पनीर का म्हणतात, म्हणून शोधायला बसलो आणि एक जुनी हकीकत हाती लागली.

ही वनस्पती म्हणजे अश्वगंधेची चुलत बहीण. सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तानकडे तिच्या फळांनी दूध धरवायची जुनी रीत. इंग्रजांना हिंदुस्थानात चीज करायचं होतं, पण वासराचं रेनेट हिंदूंना कसं चालणार? १८८३-८४ मध्ये शेरिडन ली या इंग्रज शास्त्रज्ञाने या बियांमधलं एन्झाइम मिठाच्या पाण्यात उतरवलं आणि रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. दूध अगदी रेनेटसारखं घट्ट होत होतं!

मग हे जगभर का पसरलं नाही? गोम अशी, की वासराच्या रेनेटमधलं कायमोसिन दुधातल्या कॅपा-केसीन या प्रथिनाला मुख्यतः एकाच ठिकाणी कापतं. वनस्पतींची बरीच एन्झाइम्स दिसेल तिथे कात्री चालवतात आणि महिनोन् महिने मुरणारं चीज कडू होतं. (पोर्तुगालचं सेर्रा दा एश्त्रेला मात्र आजही कार्डून या काटेरी झाडाच्या फुलांनीच करतात.) यावर एक उत्तर निघालं ते इथून जवळच, डेल्फ्टला. गिस्ट-ब्रोकाडेस कंपनीने १९८० च्या दशकात वासराचं जनुक यीस्टमध्ये घालून कायमोसिन तयार केलं. वासरू न मारता!

या वेळी आईला सगळं सांगितलं, मागची लपवाछपवीही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच उठून पनीरफुलं कुटली, मिठाच्या पाण्यात भिजवली आणि ते पाणी गाळून कोमट दुधात घातलं. दूध धरलं. चव कडवट.

"हे मी खाईन," आई म्हणाली.

परत जाताना ती एकच डच शब्द पाठ करून गेली: 'स्ट्रेम्सेल', म्हणजे रेनेट. आता फोनवर विचारते, "पाकिटामागे वाचलंस का?"