बाजारातील बोली राष्ट्रभाषा कशी झाली?

इ. स. १५२१ च्या मार्च महिन्यात स्पेनच्या राजाचे आरमार घेऊन निघालेला मॅगेलन पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपाईन्स बेटांपाशी येऊन ठेपला. तेथील लोकांशी बोलावयाचे कसे, हा मोठाच प्रश्न होता. तेव्हा मलाक्का येथून नेलेल्या एन्रिके नावाच्या त्याच्या गुलामाने किनाऱ्याकडून आलेल्या होडीतील माणसांस हाक दिली, आणि आश्चर्य असे की, ती त्यांना समजली! पुढे तेथील राजाशीही त्याचे संभाषण झाले. एन्रिकेची ही भाषा म्हणजे मलायी होय. त्या बेटांवर ती कोणाची मातृभाषा नव्हती. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर ती तेथवर गेली होती.

मलायी भाषेच्या या प्रसाराचे कारण वाऱ्यात सापडते. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थानातील जहाजे पूर्वेस जात, ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची जहाजे दक्षिणेस उतरत, आणि परतीचा वारा सुटेपर्यंत दोघांनाही मलाक्काच्या सामुद्रधुनीत मुक्काम करावा लागे. गुजराथी, तामिळ, अरब, चिनी, जावानी असे नाना देशांचे लोक महिनोन्‌महिने शेजारी शेजारी राहत. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेला पोर्तुगीज अधिकारी तोमे पिरेश याने या बंदरात ८४ भाषा बोलल्या जात असे नमूद केले आहे. मात्र भाव ठरावयाचा तो मलायीत.

ही भाषा केवळ बाजारू होती असे मात्र नव्हे. सुमात्रा बेटावर पालेंबांगजवळ सापडलेल्या तिच्या जुन्या शिलालेखावर शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, वैशाख शुद्ध एकादशी अशी मिती आहे. आपल्या पंचांगाशी परिचित असलेल्या वाचकास ती परकी वाटणार नाही. भाषेला त्या भाषेत ‘बहासा’ म्हणतात, आणि आपला ‘नगर’ शब्द तेथे ‘नगारा’ होऊन राष्ट्र या अर्थाने वावरतो. इ. स. १५८३ पासून काही वर्षे गोव्यास आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्शोटेन या डच गृहस्थाने आपल्या १५९६ च्या ग्रंथात या भाषेची थोरवी वर्णिली. पुढे डचांनीही खालच्या पायरीचा राज्यकारभार बव्हंशी तीतच चालविला. डच भाषेचे शिक्षण थोड्यांच्याच वाट्यास आले.

खरा कसोटीचा प्रसंग आला तो १९२८ साली. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला बटाव्हिया येथे निरनिराळ्या बेटांतील तरुणांची परिषद भरली. त्यांतील कित्येकांस डच भाषाच अधिक सरावाची होती. संख्येचाच विचार केला असता तर मान जावानी भाषेस मिळावयास हवा होता, कारण तीच सर्वांत मोठ्या समाजाची भाषा. परंतु जावानीत समोरच्याच्या पायरीप्रमाणे शब्दच बदलतात. ‘तू’ आणि ‘आपण’ एवढाच भेद नव्हे, तर खाणे, जाणे, झोपणे यांसही थोरांकरिता वेगळे शब्द. अशा भाषेत सर्वांनी बरोबरीने बोलावे कसे? शिवाय मोठ्याची भाषा स्वीकारताना लहानाच्या मनात सल राहतोच. मलायी थोड्यांचीच मातृभाषा असल्याने तिचे भय कोणास वाटले नाही. परिषदेने तिला ‘इंडोनेशियन’ हे नाव देऊन ऐक्याची भाषा मानिले. प्रतिज्ञेतील शब्द मोठ्या विवेकाने योजिलेले आहेत: मातृभूमी एक, राष्ट्र एक, भाषेविषयी मात्र ‘एकच’ न म्हणता ‘ऐक्याच्या भाषेचा मान राखू’ एवढेच म्हटले.

१९४२ मध्ये जपान्यांनी डचांस हुसकावून त्यांच्या भाषेवर बंदी घातली, तेव्हा शाळा व कचेऱ्या यांना याच भाषेचा आश्रय घ्यावा लागला. १९४५ च्या राज्यघटनेच्या ३६ व्या कलमाने ती राज्यभाषा झाली.

आज सातशेंहून अधिक भाषांच्या त्या देशात ती सर्वत्र चालते. पण या यशाची किंमतही आहे. शहरांतील पुष्कळ मुले आता आजीची बोली विसरून इंडोनेशियनच बोलतात, आणि कित्येक लहान भाषा लोपू लागल्या आहेत. प्रादेशिक भाषांचे जतन करण्याचे कलम २००२ साली घटनेत घालावे लागले, ते उगीच नव्हे. परक्याशी बोलता यावे म्हणून जी भाषा घेतली, तिच्यापायी घरच्यांशी बोलणे खुंटू नये, याची काळजी १९२८ च्या तरुणांनी शब्दांत घेतली होती. ती आचरणात घेणे पुढच्या पिढ्यांकडे राहिले आहे.