0.8 सेकंदाचा गुन्हा

1796 साली ग्रीनविचच्या वेधशाळेतून डेव्हिड किनेब्रूक या सहायकाला काढून टाकण्यात आलं. त्याचा गुन्हा होता 0.8 सेकंदाचा.

त्या काळी दुर्बिणीतल्या उभ्या धाग्यासमोरून तारा सरकताना डोळ्यांनी पाहायचा, घड्याळाचे ठोके कानांनी मोजायचे आणि सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने लिहायचा, अशी रीत होती. प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्यापेक्षा किनेब्रूकची वेळ उशिराची येई. आधी हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता, पुढे वाढला. समज देऊनही तो मिटला नाही. प्रमुखाचं माप बरोबर आणि सहायकाचं चूक, हे गृहीतच होतं.

पंचवीसेक वर्षांनी कोनिग्सबर्गच्या फ्रिडरिश बेसेल यांनी वेगळाच प्रश्न विचारला: प्रमुखाचं तरी बरोबर कशावरून? त्यांनी इतर नामवंत खगोलशास्त्रज्ञांशी स्वतःच्या नोंदी ताडून पाहिल्या. फरक एक सेकंदाहूनही जास्त निघाला! इथे सरासरी कामी येत नाही. कधी पुढे, कधी मागे होणाऱ्या चुका सरासरीत एकमेकींना खातात; पण माणसाची कायमची ढब हजार नोंदी घेतल्या तरी तशीच राहते. म्हणून दोन निरीक्षकांमधला फरक मोजून हिशेबात धरू लागले. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणतात.

पाहण्या-ओळखण्याला वेळ लागतो, हे इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’मध्ये मांडलं होतं. तो वेळ मोजायची युक्ती 1868 साली नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी काढली. साध्या प्रतिसादाचा वेळ, निवड करून दिलेल्या प्रतिसादाच्या वेळेतून वजा करायचा. उरतो तो ओळखण्याचा आणि निवडीचा वेळ.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हा इतिहास मला जवळचा वाटतो. उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलेलं मूल मराठीचा उतारा सावकाश वाचतं आणि ‘कच्चं’ ठरतं. त्याचा वेळ आपण मोजतो, पण मोजणाऱ्याच्या कानाची सवय कोण मोजतो? त्याच मुलाचं वाचन दोन शिक्षकांनी वेगवेगळं ऐकून गुण द्यावेत, मग ताडून पाहावेत. तफावत निघाली, तर ती मुलाच्या माथी मारता येणार नाही.

कुरआनात मीजानचा, म्हणजे तराजूचा, उल्लेख वारंवार येतो. माल तोलण्याआधी दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधोमध आहे का, हे पाहणं तोलणाऱ्याचं काम आहे. किनेब्रूकच्या वेळी ते कुणी पाहिलं नाही.