ते जॅकेट कुठं आहे?

 

पुनावळ्याच्या आमच्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत हप्ते गोळा करता करता आमच्यातल्या एका काकूंनी मध्येच विचारलं, "अगं, पोरगं सीमेवर आहे. त्याचं ते बुलेटप्रूफ जॅकेट फाटलं तर शिवतं कोण?" आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. देहूरोडचे लष्करी डेपो इथून हाकेच्या अंतरावर आहेत. आमच्या निम्म्या जणी शिलाई मशीनवर बसतात. तरी हा प्रश्न कुणालाच कधी पडला नव्हता. म्हणून मग तोच विषय घेतला.

अंगरक्षक कपडा आपल्याला नवा नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने कट्यारीचा वार केला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांत कडी गुंतवून केलेलं विणकामच. एक कडी गंजली की तिथं भोक. म्हणजे कुणीतरी ते घासत असणार, तेल लावत असणार, तुटकी कडी बदलत असणार. त्या हातांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. युरोपात तर अशी चिलखतं वाळू भरलेल्या पिंपात घालून गडगडवत, गंज निघावा म्हणून.

बंदुकीची गोळी जोरकस झाली आणि लोखंडी कड्या हरल्या. पुढची मोठी उडी घेतली ती एका बाईने. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. गाडीच्या टायरसाठी हलका पण मजबूत धागा त्या शोधत होत्या. १९६५ साली त्यांच्या हातून एक पातळ, गढूळ द्रावण तयार झालं. दुसऱ्या कुणी ते मोरीत ओतलं असतं. धागा काढणाऱ्या यंत्रावरचा माणूसही म्हणाला, याने माझ्या यंत्राची छिद्रं तुंबतील. बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी धागा निघाला तो वजनाच्या हिशेबात पोलादापेक्षा पाचपट मजबूत. तोच केव्हलार. याच्या कापडाचे थरावर थर ठेवले की गोळी जाळ्यात सापडल्यासारखी अडकते आणि तिचा जोर पसरून जातो. रायफलच्या गोळीला मात्र तेवढं पुरत नाही. तिथं सिरॅमिकची किंवा पोलादाची कडक पाटी घालावी लागते.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. जॅकेटचं बाहेरचं कव्हर, पट्टे, चेन, वेलक्रो हे सगळं शिवता येतं, बदलता येतं. आतला थरांचा गठ्ठा मात्र शिवायचा नसतो. त्याच्यावर पाणी आत जाऊ नये म्हणून बंद खोळ असते. तिला सुईचं एक टोचं पडलं तरी घाम आणि पावसाचं पाणी आत शिरतं. ओल्या थरांची ताकद कमी होते, उन्हानेही धागा कुजतो. म्हणून गठ्ठा बाहेर काढून फक्त कव्हर धुवायचं, गठ्ठा ओल्या फडक्याने पुसायचा. ब्लीच नाही, इस्त्री नाही, उन्हात वाळत घालणं नाही. खोळ फाटली, गठ्ठ्याला घड्या पडून गोळा झाला, की तो बदलायचा. सिरॅमिकची पाटी हातातून पडली तर वरून धड दिसली तरी आत तडा गेलेला असू शकतो. तो एक्स-रे काढल्यावर कळतो. आपल्याकडे कपची किनार तडकली की आपण तो पाहुण्यापुढे ठेवत नाही, इथं तर तडा दिसतच नाही.

हे न तपासल्याचं फळ अमेरिकेने पाहिलं. झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेटं तिथल्या पोलिसांना हलकी म्हणून फार आवडली होती. २००३ साली एका पोलिसाच्या अंगातलं असं जॅकेट गोळीने भेदलं. तपासात निघालं की दमट हवेत हा धागा आतल्या आत कमजोर होतो, वरून काही दिसत नाही. २००५ साली तिथल्या सरकारी संस्थेने या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. आपल्या देशाने बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी स्वतःचं मानक २०१८ साली केलं.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट, जी सांगताना आम्हाला अजून जड जातं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे साहेब जॅकेट आणि हेल्मेट चढवताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. काही वेळाने कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. पुढे त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारलं, ते जॅकेट कुठं आहे? उत्तर आलं, जॅकेट सापडत नाही. गोळ्या खांदा-मानेजवळ, जॅकेट नसलेल्या जागी लागल्या, असं सांगितलं गेलं. असेलही. पण वस्तूच हातात नसेल तर तपासणार काय? खरेदीच्या कागदांवरून वाद झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कविताताई बी.एड. कॉलेजात शिकवायच्या. घरात एवढं दुःख असताना त्यांनी कागदावर प्रश्न लिहिला, सही केली आणि उत्तर मागितलं. आम्हाला हे फार मोठं वाटतं. २०१४ साली त्या गेल्या, तेव्हा मुलांनी त्यांचे अवयव दान केले.

काकूंना आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी रविवारी मुलाला फोन लावला आणि विचारलं, "तुझ्या जॅकेटच्या आतल्या लेबलावर तारीख कुठली आहे रे? पाटी कधी पडली होती का?" तो हसला, म्हणाला, "आई, तुला कुणी शिकवलं हे?" मग म्हणाला, "थांब, बघून सांगतो."